आईचं मनगट मोडलं, अ‍ॅप कामी आलं. तुमचं मत?

वाशीकरीण: चार महिन्यांपूर्वी आई बाथरूमच्या उंबऱ्याशी घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. वय ७१. डेक्सा या हाडांच्या तपासणीत टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा, उणे ३.१ निघाला, उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. हाडांची झीज रोखायला आठवड्यातून एकदा अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम सुरू झाली. ही गोळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आई ती चहाबरोबर घेऊन परत पांघरुणात शिरायची! छातीत जळजळ सुरू झाली तेव्हा कळलं. आता गोळ्या-व्यायाम सांभाळणारं एक अ‍ॅप फोनवर टाकलंय. रविवारी सहाला अ‍ॅप वाजतं, साडेसहाला ‘आता चहा घ्या’ म्हणतं. ज्या घरात असं हाड मोडलंय तिथे अ‍ॅप हवंच.

नौपाड्याचा: ताई, मला नाही पटत. माझ्या सासूबाईंना अ‍ॅप रोज विचारायचं, दुखणं दहापैकी किती? त्या रोज चार दाबायच्या, कारण पोरांना त्रास नको. खुंटीवरची पिशवी त्यांच्या हाताला येईना, म्हणजे उंची घटली, हे बायकोच्या लक्षात आलं. एक्स-रे काढला तर दोन मणके दबलेले. तोवर अ‍ॅप त्यांना ओणवं होऊन पायाचे अंगठे धरायला लावत होतं!

ऐरोली फिजिओ: मणका दबलेल्या माणसाला पुढे वाकायचे व्यायाम देऊच नयेत, त्याने आणखी मणके दबू शकतात. व्यायाम समोर बसून शिकावा लागतो. नौपाड्याच्या दादांशी पूर्ण सहमत. पण तारखांसाठी अ‍ॅप मोलाचं आहे. डेनोसुमॅब या हाडांच्या औषधाचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असतं. ते लांबलं तर हाडं झपाट्याने विरळ होतात आणि मणके मोडण्याची भीती वाढते. हे पेशंटला कोणी नीट सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

नौपाड्याचा: तारखांना भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. लाल पेनने गोल करा.

वाशीकरीण: व्यायामाचं मान्य, तो भाग मी आजच बंद करते. पण दादा, कॅलेंडर वाशीला टांगलंय आणि मी नोकरीसाठी पुण्यात. आईने अ‍ॅपमध्ये गोळीवर खूण केली की माझ्या फोनवर दिसतं. गेल्या रविवारी सात वाजले तरी दिसली नाही, म्हणून शेजारच्या काकूंना फोन केला. आईला ताप होता.