मदत हवी आहे: गावाच्या माळावर टाऊनशिप येतेय, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत काय मागायचं?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव मुळशी तालुक्यात, पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत. वाड्यावस्त्या धरून सव्वातीनशे उंबरा, माणसं चौदाशेच्या आसपास. खाली भातखाचरं, वर माळ. माळावरच्या जमिनी गेली सहा-सात वर्षं एकेक करून विकल्या जात होत्या. प्रत्येक खरेदीखतावर घेणारा वेगळा, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. गेल्या महिन्यात कंपनीची माणसं ग्रामपंचायतीत आली, त्यांनी भिंतीवर नकाशा लावला आणि ते सगळे तुकडे एकाच रंगात दिसले. ४२ हेक्टर. त्यावर ६,००० घरं, शाळा, दुकानं, क्लब.

ग्रामपंचायतीकडून त्यांना तीन ना-हरकत हव्या आहेत: पाण्याची, रस्त्याची, आणि शुद्ध केलेलं सांडपाणी ओढ्यात सोडण्याची. सरपंचांनी विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेवर घेतला आहे.

आधीच सांगते, मी घरं बांधायच्या विरोधात नाही. मी स्वतः रोज हिंजवडीला कामाला जाते. पुण्यात येणाऱ्यांना राहायला जागा लागणारच. माझ्या चुलत्यांनी २०१९ मध्ये याच माळावरची तीन एकर विकली. चुलतीचं ऑपरेशन होतं, बहिणीचं लग्न होतं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलेलं मला चालणारही नाही. पण आता गावात विकलेले आणि न विकलेले अशी दोन तोंडं झाली आहेत. गणपतीच्या आरतीलाही लोक दोन बाजूंना उभे होते. पोरं म्हणतात मोर्चा काढू. काही जण म्हणतात, एसटी दिवसातून दोनदा येते, टाऊनशिप आली की रस्ता तरी होईल, पोरांना काम मिळेल. दोघांचंही मला पटतं, आणि म्हणूनच झोप येत नाही.

परवा बायकांची अनौपचारिक बैठक घेतली. तिथे मात्र सगळ्यांचं एकच बोलणं होतं: पाणी. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो, पण माळाखाली कातळ आहे, पाणी थांबत नाही. एप्रिल-मे मध्ये विहिरीचा तळ दिसतो आणि नळाला दिवसाआड पाणी येतं. मी वहीत हिशोब मांडला. जलजीवन योजनेच्या मापाने माणशी ५५ लिटर धरले तर आख्ख्या गावाला दिवसाला ७७ हजार लिटर लागतात. ६,००० घरं, घरटी पाच माणसं, शहरी मापाने माणशी १४० लिटर धरले तर ४२ लाख लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे ४२० टँकर, रोज. कंपनीच्या साहेबांना विचारलं, पाणी कुठून आणणार? म्हणाले, "सुरुवातीला बोअर, पुढे योजना येईल."

दुसरं, ओढ्याकाठची कातकरी वस्ती. अकरा झोपड्या. आजीच्या आठवणीपासून ती माणसं तिथेच आहेत. सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही, आणि कंपनीच्या नकाशात त्या जागी 'रिव्हरसाइड गार्डन' आहे.

तिसरं, पांदण. शेतात आवणीला, गुरांना, स्मशानात जायला तीच एक वाट. नकाशात तिच्यावरून टाऊनशिपचा मुख्य रस्ता काढलाय आणि तोंडाशी गेट दाखवलंय.

तर मदत अशी हवी आहे. ग्रामसभेने 'विरोध आहे' एवढाच ठराव केला तर त्याला काही वजन असतं का? ना-हरकत नाकारली तरी वरून परवानगी मिळू शकते का? जनसुनावणी कधी होते, आम्हाला कुणी कळवणार का? आणि कातकरी वस्तीसाठी आत्ता, लगेच, काय करता येईल? कायद्यातलं मला फार कळत नाही. वेळ तीन आठवडे आहे.

– ओढ्याकाठची

*

जुना_दप्तरी:

ताई, महसूल खात्यात आयुष्य गेलं, त्यातलं सांगतो.

नुसत्या 'विरोध आहे' ठरावाचा कागद फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. बांधकामाची परवानगी पीएमआरडीए देणार, ग्रामपंचायत नाही. त्यामुळे ठरावात मुद्दे हवेत आणि मुद्द्याला कागद हवा. गावनकाशाची प्रमाणित प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून आजच मागा. पांदण त्यात दुहेरी तुटक रेषेने दिसली तर ती गाडीवाट आहे, कंपनीच्या सातबाऱ्यात तुमची वाट विकली गेलेली नाही. उद्या कुणी गेट लावलं तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. गावं इथे हमखास चुकतात, वर्षभर बोलणी करत बसतात आणि मुदत निघून जाते. नवा रस्ता गायरानातून जात असेल तर तेही बघा. २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गायरान असं सहज देता येत नाही.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते: मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला कमी आकडा. शंभर माणसं बसलेली पाहिजेत. आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते. पाण्याचा ठराव तिथे आधी करून घ्या, ग्रामसेवकांना इतिवृत्तात लिहायला लावा, आणि सह्या झाल्यावर प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

कातकरी वस्तीचं मनावर घ्या. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीला, त्यांची घरं लागली आहेत का? नसतील तर अर्ज द्या. जुन्या मतदार याद्या, रेशनकार्डं, शाळेचे दाखले, मुलांच्या जन्मनोंदी, जे सापडेल ते एका पिशवीत गोळा करा. तहसीलदारांकडे प्रत्यक्ष पाहणी आणि पंचनामा मागा. कागदावर वस्ती दिसली पाहिजे, जेसीबी यायच्या आत.

*

सूसकर:

आमचं सूस गाव ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत गेलं, २३ गावांच्या यादीत. त्याच्या कितीतरी आधी टॉवर उभे राहिले होते. पाण्याची सोय 'पुढे होणार' हे वाक्य आम्हीही ऐकलंय. आज आमच्याकडे सोसायट्यांच्या गेटवर टँकरच्या रांगा असतात. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून फ्लॅट घेतले तेही महिन्याला टँकरचे पैसे भरतात. म्हणजे हा प्रश्न गावाचा तितकाच येणाऱ्यांचाही आहे, हे ग्रामसभेत नक्की सांगा. दोन तोंडं झालेल्या गावाला पाण्यावर एकत्र आणता येईल.

सांडपाण्यावर अडून बसा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याला, नांदेड-किरकटवाडीकडे जीबीएसची (गुलेन-बॅरी सिंड्रोम या नसांच्या आजाराची) साथ आली तेव्हा पहिला संशय पिण्याच्या पाण्यावरच गेला होता. शुद्धीकरण प्रकल्प बांधतात, पण तो रोज चालतो का, हे बघायला कुणी जात नाही. तुमची विहीर ओढ्यापासून किती अंतरावर आहे?

*

नकाशावाचक:

नगररचनेत काम करतो, म्हणून थोडं.

४० हेक्टरच्या वर असल्याने हे एकात्मिक नगर वसाहतीच्या नियमांखाली नेतील, म्हणजे यूडीसीपीआर २०२०, राज्याची बांधकामाची एकत्रित नियमावली. त्यातली पाण्याची अट तुम्ही पाठच करा: माणशी किमान १४० लिटर, बागा आणि अग्निशमन सोडून, आणि त्यासाठी स्रोत विकसकाने उभा करायचा किंवा पाणीपुरवठा करणाऱ्या प्राधिकरणाची पक्की हमी आणायची. या स्रोतात भूजल धरलं जात नाही. 'सुरुवातीला बोअर' हे उत्तर त्या नियमात बसत नाही. ग्रामसभेत एकच कागद मागा: हमीपत्र कुणाचं, कोणत्या धरणातून, किती दशलक्ष लिटर.

जनसुनावणीची वाट बघू नका. २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण २००६ च्या अधिसूचनेने बांधकाम आणि टाऊनशिपच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलं आहे. अर्ज केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर येतो, तिथे प्रकल्प शोधत राहा. दिसला की राज्य समितीला हरकत लेखी पाठवा, ओढ्याचे, वस्तीचे फोटो जोडून. अर्जात ओढा 'नाही' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. मंजुरी मिळाली तर तिची प्रत ग्रामपंचायतीकडे येते आणि ती ३० दिवस फलकावर लावायची असते. हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदतही ३० दिवसच, कारण पटलं तर आणखी ६०. त्यांचं खंडपीठ पुण्यातच आहे.

पीएमआरडीएत माहिती अधिकाराचा अर्ज उद्याच टाका. लोकेशनल क्लिअरन्स (जागेची मंजुरी) झालाय का, लेटर ऑफ इंटेंट (इरादापत्र) दिलंय का, पाण्याचा कागद कोणता जोडलाय. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, म्हणजे ग्रामसभेला ते पुरणार नाही. म्हणून फाइलची प्रत्यक्ष पाहणीही त्याच अर्जात मागा, आणि रोज फोन करा.

*

ओढ्याकाठची:

तिघांचेही मनापासून आभार. सूसकर, विहीर ओढ्यापासून चाळीस पावलांवर आहे. हे मी आजवर कधी मोजलंच नव्हतं, तुमचा प्रश्न वाचून संध्याकाळी जाऊन मोजलं.

दादा, तुमचं मामलेदार न्यायालयाचं चुलत्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जमीन विकली, पांदण नाही विकली. हे मीच बोलेन सभेत." त्यांच्या तोंडून आलं तर विकलेल्या घरांतले लोकही बसतील, असं वाटतंय.

माहिती अधिकाराचा अर्ज आणि पाहणीची मागणी आज टाकली. महिला सभा २८ सप्टेंबरला ठरली. वस्तीतल्या नऊ घरांची रेशनकार्डं मिळाली. दोन घरांकडे काहीच नाही. त्यातल्या एका म्हातारीचा जन्म त्याच झोपडीतला आहे, पण नोंद कुठेच नाही. तिच्यासाठी आणखी कोणता पुरावा चालेल, कुणाला माहीत असेल तर सांगा.

आणि एक विनंती. गावनकाशा हातात आलाय, पण त्यावरच्या खुणा आम्हाला वाचता येत नाहीत. महिला सभेच्या आधी येणाऱ्या रविवारी कुणी येऊन दोन तास पांदणीवरून आमच्याबरोबर चालेल का? जेवण आमच्या घरी, सकाळची एसटी आठला स्वारगेटहून सुटते.