लेकीच्या अंगावर मोलस्कम आहे, आपोआप जाईल म्हणतात, पण तोवर लोकांच्या नजरांचं काय करू?

चिऊचीआई:

लेक सहा वर्षांची आहे. काही महिन्यांपासून तिच्या अंगावर बारीक पुटकुळ्या येतायत. आधी काखेजवळ दोनतीनच होत्या, घामोळं वाटलं, मग छातीच्या कडेला आल्या, दंडाच्या आतल्या बाजूला आल्या आणि आता हनुवटीवर तीन आणि गालावर एक. गोल, कातडीच्याच रंगाच्या, वरून चमकतात, आणि जवळून बघितलं की प्रत्येकीच्या मधोमध सुईचं टोक टेकवल्यासारखा खड्डा दिसतो. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, मोलस्कम आहे, व्हायरल असतं, धोका काही नाही, आपोआप जातं, वेळ लागतो. औषध दिलं नाही, फक्त मॉइश्चरायझर लावा म्हणाले.

धोका नाही हे पटलंय हो मला. पण रोज बाहेर पडायचं असतं ना. एका वाढदिवसाला एका आईनं आपल्या मुलाला माझ्या लेकीच्या शेजारून उठवून दुसरीकडे बसवलं, एक शब्द बोलली नाही पण लेकीला कळायचं ते कळलंच. तेव्हापासून ही उकाड्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचे कपडे मागते. परवा आंघोळीनंतर आरशासमोर उभी राहून हनुवटीवर एक बोट ठेवत होती, मग दोन, मग पूर्ण तळहात, आणि मला विचारते, आई असा हात ठेवून फोटो काढला तर चालेल का? मला काय बोलावं सुचेना.

मला विचारायचंय की हे नक्की किती चालतं, काढून टाकलेलं बरं का, इतर पालकांना आपणहून सांगायचं की कुणी विचारेपर्यंत थांबायचं, आणि मुख्य म्हणजे लेकीला काय सांगू? ज्यांच्या घरात होऊन गेलंय त्यांनी प्लीज लिहा.

दोनपिल्लं:

चिऊची आई, आमच्याकडे दोघांनाही झालं होतं, आधी मोठ्याला आणि तो बरा व्हायच्या आत धाकटीला. दोघांची कातडी आता स्वच्छ आहे, तेव्हा पहिल्यांदा जरा श्वास घ्या.

लेकीला काय सांगायचं ते आधी लिहिते कारण बाकी सगळं तुम्हाला डॉक्टर सांगतीलच. तिला नाव सांगा, मोलस्कम. लहान मुलांना नाव आवडतं, नाव असलं की ती गोष्ट आटोक्यातली वाटते. आणि तीन छोटी वाक्यं पाठ करून घ्या, "हे मोलस्कम आहे. मला दुखत नाही. काही महिन्यांनी जाईल." आम्ही घरी खोटंखोटं खेळायचो, मी वर्गातली मुलगी व्हायचे आणि विचारायचे "ई, हे काय झालंय तुला" आणि तो उत्तर द्यायचा. आधी पुटपुटायचा, मग मोठ्यानं, आणि मग तर स्वतःच मला विचारायला लावायचा. बाहेर कुणी विचारलं की उत्तर तयार असायचं त्यामुळे तो गांगरायचा नाही, उत्तर देऊन परत खेळायला. फक्त त्याला "कुणाला सांगू नकोस" असं कधीही म्हटलं नाही, कारण लपवायला सांगितलं की मूल समजतं आपलं काहीतरी चुकलंय.

दुसरं म्हणजे तिच्यासमोर पुटकुळ्या मोजू नका. बघायच्या असतील तर आंघोळ घालताना सहज नजर टाका. आणि पूर्ण बाह्या मागते तर देत जा, त्यात हट्ट तोडण्यासारखं काही नाही, कपड्यानं झाकलं की पसरणं पण कमी होतं. कपडे सुती आणि सैल असू द्या, घाम आला की खाज वाढते.

आणि हो, एक दिवस अचानक काही पुटकुळ्या लालबुंद होतील, सुजतील, पिकल्यासारख्या दिसतील. ते बघून माझा जीव टांगणीला लागला होता. डॉक्टर म्हणाले, आता जायला लागल्यात! आणि खरंच त्यातल्या बऱ्याच नंतर वाळून गेल्या.

पहाटवारा:

मी जरा वेगळं मत मांडतो. वाट बघणं सगळ्यांनाच जमतं असं नाही. आमचा मुलगा चौथीत होता, मानेवर आणि कानामागे होत्या, त्याला त्या सतत बोटाला लागायच्या आणि तो नखानं खुडायचा. खुडलं की आतून पांढरट घट्ट असं काहीतरी निघतं, विषाणू त्यातच असतो, आणि तेच बोट दुसरीकडे लागलं की तिथे नवीन. म्हणजे आपण थांबलो तरी ते थांबत नव्हतं. शेवटी आम्ही त्वचेच्या डॉक्टरांकडे काढून घेतल्या, ते एका बारीक गोल पात्याच्या हत्यारानं खरवडून काढतात, क्युरेटाज म्हणतात त्याला. आधी सुन्न करणारं क्रीम लावलं होतं. ते क्रीम किती लावायचं आणि किती वेळ ठेवायचं हे डॉक्टर मुलाच्या वजनावरून ठरवतात, घरी आपल्या मनानं भरपूर थापायचं नाही, जास्त जागेवर लावलं तर ते रक्तात उतरून त्रास होऊ शकतो.

मुलगा मोठा होता आणि त्याची स्वतःची इच्छा होती म्हणून ते निभावलं. तरीही नंतर नवीन आल्याच, कारण जे कातडीत आधीच रुजलेलं असतं ते काढताना दिसत नाही. पण मानेवरच्या गेल्याने त्याला मोकळं वाटलं. तेव्हा काढायचंच नाही असं ठरवून टाकू नका एवढंच म्हणणं आहे.

त्वचावैद्य:

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. न बघता निदान करत नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी बघून सांगितलंय आणि मधल्या खड्ड्याचं तुमचं वर्णन त्याला जुळतं, म्हणून ते धरूनच लिहितो.

हा विषाणू देवीच्या विषाणूच्या कुळातला आहे. नाव ऐकून घाबरू नका. देवी 1980 साली जगातून संपल्याचं जाहीर झालं, आणि हा तिचा अगदी सौम्य नातेवाईक, फक्त माणसात राहणारा. तो कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातच राहतो, रक्तात जात नाही, आतल्या अवयवांना हात लावत नाही. आणि एकदा गेला की नागिणीच्या विषाणूसारखा शरीरात दबा धरून बसत नाही. पुन्हा नव्यानं संसर्ग होऊ शकतो, पण जुना परत उठत नाही.

कालावधी: बहुतेक मुलांत 6 ते 12 महिने, काहींत दीड वर्ष, क्वचित त्याहून जास्त. एकेक पुटकुळी साधारण दोन महिने टिकते पण मधल्या काळात नवीन येत राहतात म्हणून पालकांना वाटतं काहीच फरक पडत नाहीये. संसर्ग झाल्यापासून पहिली पुटकुळी दिसायला 2 आठवड्यांपासून 6 महिने लागू शकतात, त्यामुळे "कुणाकडून आलं" हे शोधत बसण्यात अर्थ नाही आणि तुमच्या लेकीमुळे अमक्याला झालं असंही कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. हे त्या वाढदिवसाच्या प्रसंगासाठी लिहितोय. शेजारी बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं, हवेतून, खोकल्यातून हे पसरत नाही. कातडीला कातडी घासली गेली, एकच टॉवेल वापरला, भावंडं एका टबात आंघोळीला बसली, तर पसरतं. शाळा बुडवायची अजिबात गरज नाही. पोहणंही बंद करू नका, उघड्या पुटकुळ्यांवर पाणी न शिरणारी पट्टी लावा आणि टॉवेल, फळी, फ्लोट तिचं वेगळं ठेवा.

आता लाल होण्याबद्दल. दोनपिल्लं यांनी बरोबर लिहिलंय, शरीराच्या प्रतिकारशक्तीला विषाणूचा पत्ता लागला की त्या जागी लाली आणि सूज येते. कधीकधी तर त्याच सुमारास कोपरांवर आणि गुडघ्यांवर खाजरं लाल पुरळ उठतं, तीही प्रतिक्रियाच असते, बहुधा बरं होण्याच्या बाजूचीच. अशा वेळी अनेकदा उगाच अँटिबायोटिक सुरू होतं. मूल खेळतंय, ताप नाही, लाली पुटकुळीपुरतीच आहे, तर थांबा. लाली भराभर बाजूला पसरतेय, जागा गरम आहे, हात लावला की दुखतं, ताप आहे, पू वाहतोय, तर मात्र त्याच दिवशी दाखवा. पापणीच्या कडेवर पुटकुळी आली तरी दाखवा, तिच्यामुळे डोळा लाल राहू शकतो. लघवीच्या जागी आली तर दाखवाच, बहुतेक वेळा मुलाच्या स्वतःच्या हातानंच तिथे पोचलेली असते, पण बघून घेणं बरं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे पुटकुळ्यांच्या आजूबाजूची कातडी. पुष्कळ मुलांना तिथे कोरडं, खरखरीत, खाजणारं एक्झिमाचं चकंदळ होतं. मूल खाजवतं, कातडीला बारीक चिरा पडतात, विषाणूला वाट मिळते. म्हणून मॉइश्चरायझर म्हणजे डॉक्टरांनी तोंडदेखलं दिलेलं काही नाही, उपचाराचा मुख्य भाग तोच आहे. आंघोळ कोमट आणि आटोपशीर, टॉवेलनं रगडायचं नाही, टिपायचं, आणि कातडी ओलसर असतानाच बिनवासाचं क्रीम सढळ हातानं. पुटकुळ्या असलेल्या भागाला शेवटी हात लावा आणि मग हात धुवा. नखं बारीक कापलेली ठेवा. एक्झिमा जास्त असेल तर डॉक्टर सौम्य स्टेरॉइड क्रीम देतील, ते सांगितलेल्या जागी सांगितलेले दिवस लावायला घाबरू नका.

काढण्याबद्दल: क्युरेटाज आहे, गोठवणं आहे, फोड आणणारं कॅन्थरिडिन नावाचं औषध आहे जे डॉक्टर स्वतः थेंबाथेंबानं लावतात आणि ठरावीक तासांनी धुऊन टाकायचं असतं. अमेरिकेत त्याच्या एका तयार रूपाला 2023 मध्ये मंजुरी मिळाली. पण कुठलाच एक उपाय सगळ्यांत सरस ठरलेला नाही, आणि सगळ्यांत थोडंफार दुखणं किंवा नंतर डाग राहणं संभवतं. सावळ्या कातडीवर असे डाग महिनोन् महिने रेंगाळतात. न छेडता गेलेली पुटकुळी बहुधा खूण ठेवत नाही, ठेवलीच तर छोटासा खड्डा. म्हणून चेहऱ्यावर मी शक्यतो हात घालत नाही. चामखिळीवर लावायचं अ‍ॅसिड आणून घरी चेहऱ्यावर लावायचं तर मुळीच नाही.

पहाटवारा यांच्या मुलासारखं मूल स्वतः त्रासलेलं असेल, खुडत असेल, तर मी काढून देतो. आजूबाजूच्यांना बघवत नाही म्हणून एका घाबरलेल्या सहा वर्षांच्या मुलीला धरून खरवडायला मी तयार होणार नाही.

बालवाडीताई:

मी लहान मुलांना शिकवते. माझ्या वर्गात हे अधूनमधून असतंच. पालकांना माझं सांगणं असं की वर्गशिक्षिकेला आधीच सांगा, आणि तोंडी सांगण्यापेक्षा डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी द्या की याला शाळेत यायला हरकत नाही. मग एखाद्या पालकाची तक्रार आली तर माझ्या हातात काहीतरी असतं, नाहीतर मला नुसतं "नाही हो, काही होत नाही" म्हणत बसावं लागतं.

मुलं जे विचारतात ते बहुतेक वेळा नुसतं कुतूहल असतं. एका मुलीला वर्गात विचारलं, हे काय आहे, ती म्हणाली मोलस्कम, विचारणारा म्हणाला माझ्या गुडघ्यावर बघ केवढं खरचटलंय, आणि विषय संपला. मोठी माणसं मुलाला खेचून बाजूला घेतात ना, त्यानं जास्त लागतं. चिऊची आई, त्या वाढदिवसाच्या आईशी तुम्ही बोला असं मला वाटतं. भांडायला नाही. सरळ सांगा की डॉक्टरांना दाखवलंय, शेजारी बसून होत नाही, टॉवेल वेगळा ठेवतो. माहिती नसते म्हणून लोक घाबरतात, आणि तुम्ही समोरून बोललात तर लेकीलाही दिसेल की यात मान खाली घालण्यासारखं काही नाही.

चिऊचीआई:

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, खूप आधार वाटला. डॉक्टर, काखेजवळ तिची कातडी खरंच खरखरीत झालीये आणि झोपेत खाजवते, ते वेगळं दाखवायला हवं हे लक्षातच आलं नव्हतं, या आठवड्यात नेते. चेहऱ्यावरच्याला हात लावायचा नाही असं ठरवलंय. काल आम्ही ते विचारायचं-उत्तर द्यायचं खेळलो, तिनं वाक्य बदललं, "मोलस्कम आहे, तुला नाही होणार, फक्त माझा टॉवेल घेऊ नको" असं म्हणते. राहू दे ना तसंच? आणि एक राहिलं, धाकटा दोन वर्षांचा आहे, दोघं एकत्र झोपतात. वेगळं झोपवू का?

त्वचावैद्य:

वाक्य उत्तम आहे, फक्त "तुला नाही होणार" याऐवजी "शेजारी बसून नाही होत" म्हणू दे, म्हणजे उद्या कुणाला झालंच तर ती खोटी पडणार नाही.

धाकट्याला वेगळं झोपवायची सक्ती नको, तिला ते शिक्षेसारखं वाटेल. झोपताना तिला अंगभर सुती कपडे घाला, पांघरूण दोघांना वेगळं द्या, आंघोळ वेगळी, टॉवेल वेगळा. तरीही त्याला एखादी आलीच तर तीही अशीच जाईल. रात्रीच्या खाजवण्याबद्दल डॉक्टरांना मुद्दाम सांगा, क्रीम लावून आठवडाभरात खाज कमी झाली नाही तर परत दाखवा.

दोनपिल्लं:

आम्ही टॉवेलांना वेगवेगळ्या रंगाच्या फिती शिवल्या होत्या, प्रत्येकानं आपापला रंग निवडायचा, आम्ही मोठ्यांनी पण. त्यामुळे "हिचा वेगळा" असं राहिलं नाही, सगळ्यांचेच वेगळे झाले. करून बघा.