मदत हवी आहे: प्राचीन ग्रीकांची जवाची ‘माझ्झा’ वळता येत नाही

अथेन्समधल्या साध्या माणसाचं रोजचं पोटभरीचं खाणं म्हणजे माझ्झा. भाजलेल्या जवाचं पीठ पाण्यात, तेलात मळायचं आणि बहुधा न शेकताच खायचं. अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याच्या नियमानुसार प्रिटॅनियममधल्या (नगराच्या सरकारी सभागृहातल्या) पंगतीतही एरवी माझ्झाच, गव्हाचा पाव फक्त सणाला! इतिहासाच्या तासाला मुलांना हीच चव द्यायची आहे.

सोललेले जव मंद आचेवर खरपूस भाजून दळून आणले. कोमट पाणी, ऑलिव्ह तेल, थोडा मध घालून मळलं, तासभर झाकून ठेवलं. तरी कडांना चिरा पडतात, उचलला की गोळ्याचा भुगा. बाजारातलं सातूचं पीठ नको, त्यात डाळं असतं. गव्हाचं पीठही मिसळायचं नाही. दळण जाडसर हवं की बारीक, आणि वाटीभर पिठाला पाणी किती?