उंच माणसांनी शेवटच्या रांगेतच बसायचं का?

सहा_दोन (पुणे)

गेल्या आठवड्यात एक पोस्ट माझ्याकडे नातेवाइकांच्या, सोसायटीच्या आणि ऑफिसच्या अशा तिन्ही ग्रुपांवरून आली. मजकूर थोडक्यात असा: सहा फुटांच्या वरच्यांनी नाटकाला किंवा मैफलीला जाताना शेवटच्या रांगांची नाहीतर कडेची तिकिटं काढावीत. मध्ये बसून मागच्यांचा आनंद हिरावणं हा असंस्कृतपणा आहे. खाली पन्नास जणांचे अंगठे. ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर ते शुभ सकाळच्या फुलांखाली गाडलं गेलं असतं, म्हणून इथे लिहितो.

मी सहा फूट दोन इंच आहे आणि कॉलेजात असल्यापासून नाटकं बघतो. नट बघायला जातो. डोळे, ओठांची हालचाल, वाक्य संपल्यावरचा थांबा हे शेवटच्या रांगेतून दिसत नाही. बाल्कनीतून तर नटाचा भांग दिसतो. पुढच्या रांगांचा दर जास्त असतो आणि तो मी भरतो. उंच आहे म्हणून मला नाटक लांबूनच बघण्याची शिक्षा कोण देणार? आणि कुठल्या अधिकाराने?

आमचे हाल या पोस्टवाल्यांना माहीतच नाहीत. दोन रांगांमधलं अंतर इतकं कमी असतं की माझे गुडघे पुढच्याच्या पाठीत रुततात. तो वळून रागाने बघतो. खाली घसरून बसावं तर गुडघे आणखी पुढे जातात, ताठ बसावं तर मागचा चुकचुकतो.

आता खरे त्रास देणारे बघा. अर्ध्या अंकात खुर्चीच्या टोकावर येऊन पुढे झुकणारे, दर दोन मिनिटांनी डोक्याला डोकं लावून कुजबुजणारे, मांडीवर पोराला उभं करणारे. माझं डोकं एका जागी स्थिर असतं. मागचा माणूस एकदा मान वळवून आपली जागा शोधू शकतो. हलत्या डोक्याला तो काय करणार? यांच्यावर एकही पोस्ट फिरत नाही.

मागची_रांग (ठाणे)

मी चार फूट अकरा इंच. तुमचा संताप वाचला, आता माझाही वाचा.

आई बऱ्याच वर्षांनी नाट्यगृहात आली होती. तिच्या तरुणपणी गाजलेलं नाटक नव्या संचात आलं होतं, म्हणून मी मुद्दाम सहाव्या रांगेतली मधली तिकिटं काढली. तिच्यासमोर तुमच्याएवढे एक गृहस्थ. रंगमंचाच्या मधोमध सोफा आणि नाटकातलं सगळं महत्त्वाचं त्या सोफ्यावर. आईला सोफ्याचे दोन हात दिसत होते. मी हळूच म्हटलं, "जरा खाली सरकता का, आईला दिसत नाहीये." उत्तर आलं, "मीही तिकीट काढलंय." संपलं. पुढचे अडीच तास आईने नाटक ऐकलं.

"मान वळवून जागा शोधू शकतो" हे वाक्य फक्त उंच माणूसच लिहू शकतो. उजवीकडे झुकले की माझ्या मागचीला दिसत नाही, म्हणजे त्रास एक रांग मागे ढकलला इतकंच. आणि दर आम्हीही तोच भरला होता.

वेंगुर्लेकर

दोघांनाही सांगतो, ही भांडणं शहरातली. आमच्याकडे कोकणात जत्रेत देवळासमोर दशावतार, म्हणजे आमचं लोकनाट्य, होतो. जमीन सपाट. पोरं एकदम पुढे, अगदी संकासुर राक्षसाच्या पायाशी. त्यांच्यामागे बायका आणि म्हातारी माणसं चटया टाकून. उंच बाप्ये मागे किंवा कडेला उभे, आणि रात्रभर उभे. कोणी फलक लावत नाही, कोणाला अपमान वाटत नाही. सहा फुटी माणूस पुढे येऊन बसला तर चार म्हाताऱ्या त्याला नावाने हाक मारून उठवतील.

म्हणजे त्या पोस्टमधला मुद्दा अगदीच वेडगळ नाही. भाषा उद्धट आहे, एवढंच.

सहा_दोन (पुणे)

वेंगुर्लेकर, जत्रेला तिकीट नसतं आणि खुर्चीला नंबर नसतो. मी मागे उभा राहीन तिथे, आनंदाने राहीन. इथे मला नंबर घातलेली खुर्ची विकलेली आहे.

मागची_रांग, त्या गृहस्थांचं उत्तर वाईट होतं. पण तो स्वभावाचा दोष. तो पाच फूट असता तरी असाच बोलला असता.

रंगमंच_मागे

मी नेपथ्याचं काम करतो, गावोगावची नाट्यगृहं आतून बघितली आहेत. तुम्ही दोघं एकमेकांवर ओरडताय आणि जिच्यावर ओरडायला हवं ती जमीन बाजूलाच राहिली.

बसल्यावर माणसाच्या उभ्या उंचीतली निम्म्याहून किंचित जास्त उरते, बाकी पायांत जाते. म्हणजे तुमच्या दोघांत उभं राहिल्यावर सव्वा फुटाचा फरक आहे, तो खुर्चीत सात-आठ इंचांवर येतो. माणसाच्या डोळ्यापासून टाळूपर्यंत अंतर साधारण 12 सेंटीमीटर. मागच्याची नजर पुढच्या डोक्यावरून जायची असेल तर प्रत्येक रांगेला नजरेसाठी तेवढी मोकळी जागा मिळाली पाहिजे. तेवढा चढ देणं महाग पडतं, म्हणून निम्मा देतात आणि एकाआड एक रांगेतल्या खुर्च्या अर्ध्या खुर्चीने बाजूला सरकवतात, म्हणजे आपण दोन डोक्यांच्या मधून बघतो आणि नजर दोन रांगा पुढच्या डोक्यावरून जाते. दुसरं, चढ मागे जाताना वाढत गेला पाहिजे. एकसारखा उतार पुरत नाही. स्कॉट रसेल नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने ही वक्ररेषा 1838 साली मांडली आहे. नवीन शोध लावायचा नाहीये.

आणि आपण काय करतो? "बहुउद्देशीय सभागृह" बांधतो. लग्नंही व्हायला हवीत, म्हणून जमीन सपाट. प्लास्टिकच्या खुर्च्या एकामागे एक, सरळ रेषेत. तिथे पाच फूट सहा इंचाचा माणूसही मागच्याला भिंत वाटतो.

नाटकात निदान नट उभे असतात, कमरेच्या वरचं दिसलं तरी भागतं. दिग्दर्शकाने एखाद्याला रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीवर बसवलं की अर्ध्या प्रेक्षागृहाला तो दिसत नाही. मी तालमीत हे भांडून सांगतो, कोणी ऐकत नाही. कथकला तर पाय दिसले नाहीत तर राहिलं काय? घुंगरू नुसते ऐकायचे?

शशिकला_काकू

खुर्च्यांचं सोडा, भारतीय बैठकीचं बोला! संगीत महोत्सवात आम्ही तासभर आधी जाऊन सतरंजीवर नीट बसतो. गाणं रंगात यायला लागतं आणि पुढे कोणीतरी पिशवीतून घडीची खुर्ची काढतं. उघडतं आणि बसतं, मधोमध. त्यांच्यामागच्या पाच रांगांना गवई दिसत नाही. एकाने काढली की दुसरा काढतो. मागच्या वर्षी आमच्यासमोर अशी रांगच झाली होती. बैठक म्हणजे बैठक. ज्यांना बसवत नाही त्यांच्यासाठी मागे खुर्च्यांचा विभाग असतो ना?

तानपुरा_६८

काकू, तुमचे गुडघे शाबूत आहेत, देवाची कृपा. माझ्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. मांडी घालता येत नाही. सवाई गंधर्व महोत्सव 1953 साली भीमसेनजींनी सुरू केला, तेव्हापासून माझे वडील जात, नंतर मी त्यांच्याबरोबर. पुण्यातल्या रमणबागेत रात्र रात्र जमिनीवर बसून ऐकलं आहे. आता वय झालं म्हणून मला मागे लांब बसवणार? खुर्चीचं तिकीट महाग असतं हे माहीत आहे ना? पेन्शनवर जगतो मी.

शशिकला_काकू

मी 71 वर्षांची आहे. माझे गुडघे शाबूत नाहीत, मी उशी घेऊन जाते. वयाचं मला सांगू नका.

तानपुरा_६८

मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं.

मागची_रांग (ठाणे)

तानपुरा, काकूंशी असं बोलू नका. त्यांनी वयावर बोट ठेवलेलं नाही, खुर्चीवर ठेवलंय.

रंगमंच_मागे

पुन्हा आकड्यांवर येतो. बैठकीतल्या खुर्च्या दोन प्रकारच्या. एक बिनपायांची, नुसती पाठ टेकायची. तिने डोकं फार तर इंच-दोन इंच वर जातं, उलट माणूस मागे रेलल्याने थोडं खालीच येतं. दुसरी पायांची, बुटकी असली तरी आठेक इंच उंच. तिच्यावर बसलेला पाच फुटी माणूस जमिनीवर बसलेल्या सहा_दोन यांच्यापेक्षा उंच होतो. पहिली कुठेही चालावी. दुसरी कडेला किंवा शेवटी.

तानपुरा_६८

बिनपायांच्या खुर्चीतून मला उठता येत नाही. दोन माणसं लागतात. आकडे सोपे असतात, उठणं अवघड.

आठवा_सूर (नाशिक)

त्या सतरंज्यांचंही बोला एकदा. दुपारी एकजण येतो, आठ जणांची चादर पसरतो, कोपऱ्यांवर चपलांच्या पिशव्या ठेवतो. उरलेले सात संध्याकाळी मुख्य गाण्याला उगवतात. तरुण गायकांना कोण ऐकतं? त्यांच्यासमोर रिकाम्या चादरी. आम्ही खऱ्या वेळेवर येऊन मागे बसायचं आणि समोर माणसांऐवजी कापड बघायचं. उंची परवडली.

शशिकला_काकू

आम्ही चादर टाकतो. घरातली सगळी एकत्र बसायची असतात. त्यात काय चुकलं? कोणीतरी लवकर जाऊन बसतं, कष्ट करतं.

आठवा_सूर (नाशिक)

कष्ट एकाने केले, जागा आठांना. सकाळपासून स्टेजवर गाणाऱ्या पोराने कष्ट केले नाहीत का?

तानपुरा_६८

हे मात्र बरोबर बोललात. चादरी टाकणारेच खुर्चीवाल्यांना संस्कार शिकवतात.

सहा_दोन (पुणे)

धागा उंचीवर होता.

वेंगुर्लेकर

धागा दिसण्यावरच आहे. चादर असो, खुर्ची असो, डोकं असो, मागच्याचा विचार कोण करतो एवढाच प्रश्न आहे. आणि तुम्ही अजून माझ्या म्हाताऱ्यांना उत्तर दिलेलं नाही. नंबर विकलेला आहे म्हणून मागच्या आजीला दिसत नसताना तुम्ही गप्प बसणार का?

सहा_दोन (पुणे)

नाही बसणार. ऐका, मी काय करतो ते सांगतो. शक्य असेल तेव्हा रांगेच्या टोकाची खुर्ची घेतो, पाय वाटेत सोडता येतात आणि मागचंही कमी अडतं. मागे लहान मूल किंवा म्हातारं माणूस दिसलं तर स्वतःहून विचारतो. पुष्कळदा अदलाबदल केली आहे. पण हे मी माझ्या मनाने करतो. कोणी मला ते कर्तव्य म्हणून, असंस्कृत ठरवून, ग्रुपवर ऐकवायचं नाही. या दोन गोष्टींत मला फार मोठा फरक वाटतो.

आणि विचारायचं तर तिसऱ्या घंटेच्या आधी विचारा. पडदा उघडल्यावर खांद्यावर टकटक केली की मी उठू शकत नाही, उठलो तर मागच्या दहा रांगांचं जातं.

मागची_रांग (ठाणे)

तिसऱ्या घंटेच्या आधी पुढची खुर्ची रिकामीच असते बऱ्याचदा. आमच्यासमोरचे गृहस्थ अंधारात आले होते, नांदी संपता संपता. तुमचा नियम उशिरा येणाऱ्याला फुकट सोडतो.

तरी टोकाच्या खुर्चीचं मान्य करते. सगळे तुमच्यासारखे टोकाला बसले तर माझी तक्रार अर्धी होईल. अर्धीच.

पण एक सांगा, तुमच्यासारखा माणूस स्वतःहून विचारतो हे मला मागे बसून कसं कळणार? मला समोर पाठ दिसते. त्या एका उत्तरानंतर मी कोणालाच विचारत नाही. आईही आता "टीव्हीवर लागेल तेव्हा बघू" म्हणते. मला हे सहन होत नाही. उंच माणसांनी वळून एकदा मागे बघावं, एवढीच माझी मागणी आहे. शेवटच्या रांगेत जा असं मी म्हटलेलंच नाही, ते तुमच्या पोस्टवाल्याने म्हटलं.

सहा_दोन (पुणे)

वळून बघणं मान्य. उशिरा येणाऱ्यांना अंक संपेपर्यंत डोअरकीपरने आत सोडूच नये, हे माझं आधीपासूनचं मत आहे.

तानपुरा_६८

उशिरा येणाऱ्यांत म्हातारे असतात, गाडी लावायला जागा मिळत नाही. त्यांनाही बाहेर ठेवणार?

रंगमंच_मागे

मागची_रांग, आईंना पुन्हा न्यायचं असेल तर तिकीट ऑनलाइन काढू नका. नकाशावर सगळे चौकोन सारखे दिसतात, चढ दिसत नाही. खिडकीवर जा आणि प्लॅन समोर ठेवून विचारा की चढ कुठल्या रांगेपासून सुरू होतो. बऱ्याच ठिकाणी पुढच्या काही रांगा जवळजवळ सपाट असतात आणि सगळ्यात महागही त्याच असतात. चढ सुरू झाल्यावर दोन-तीन रांगा सोडून, वाटेच्या कडेची खुर्ची घ्या. तिथून तिरकं दिसतं पण समोरच्या डोक्याच्या बाजूने दिसतं. कुठलं नाट्यगृह ते कळवा, मी आत काम केलेलं असेल तर रांग सांगतो.

मागची_रांग (ठाणे)

कळवते. दोन खुर्च्या हव्यात.