रंगकामाला शिडी नको, परांची हवी : ठेकेदाराला आणि सभासदांना कसे पटवावे?

नमस्कार मंडळी,

राजारामपुरीतील आमच्या तीन मजली इमारतीचे बाहेरचे रंगकाम सध्या सुरू आहे आणि सोसायटीचा सचिव म्हणून त्याची देखरेख माझ्याकडे आहे. कोल्हापूरच्या पावसाने पश्चिमेच्या भिंतीवर दरवर्षी शेवाळ चढते, म्हणून यंदा दिवाळीपूर्वी भिंत घासून, भेगा भरून मग रंग द्यायचे ठरले.

कामगार बांबूच्या दोन शिड्या काथ्याने एकमेकींना बांधतात आणि तिच्यावरून दुसऱ्या मजल्यापर्यंत चढतात. रंगाची बादली आकड्याने पायरीला अडकवलेली असते, आणि खाली शिडीला पाय लावून उभा राहणारा मदतनीस बहुतेक वेळ मोबाईलमध्ये असतो. गेल्या मंगळवारी शिडीचा पाय ओल्या फरशीवरून वीतभर सरकला. वरच्या मुलाने खिडकीचे ग्रिल पकडले म्हणून निभावले. मी ओरडलो, तर खाली उतरून तोच मला म्हणतो, "काय हुत न्हाई काका, रोजचंच हाय."

शिडी जितक्या उंचीवर टेकते, त्याच्या चौथ्या हिश्शाइतका तिचा पाया भिंतीपासून लांब हवा, म्हणजे कोन सुमारे ७५ अंशांचा होतो. या हिशेबाने २४ फुटांवर टेकलेल्या शिडीचा पाया ६ फूट दूर हवा. आमच्या पश्चिमेचा बोळ मात्र भिंतीपासून शेजारच्या कंपाउंडपर्यंत जेमतेम ४ फुटांचा आहे. म्हणजे १६ फुटांच्या वर तिथे शिडी नीट उभी राहूच शकत नाही, मग कामगार कितीही सावध असो. ठेकेदाराने ॲल्युमिनियमची लांब शिडी आणण्याची तयारी दाखवली. पण तिने बोळ काही रुंद होत नाही, आणि रस्त्याच्या बाजूला विजेच्या उघड्या तारा असल्याने तिथे धातूची शिडी मला मुळीच नको आहे.

आता अवघड भाग. ठेकेदाराच्या मूळ अंदाजपत्रकात परांचीचे भाडे वेगळे लिहिलेले होते, आणि "रंगाच्या कामाला परांची कशाला?" असे म्हणून ते आम्हीच सभेत कापायला लावले. त्या ठरावावर माझीही सही आहे, त्यामुळे ठेकेदाराला एकट्याला बोल लावणे मला पटत नाही.

अरुंद बोळात बांबूची परांची सोयीची पडते की लोखंडी, आणि कोल्हापुरात भाडे चौरस फुटावर ठरते की दिवसावर? सुरक्षा पट्टा बांधायचा तर तो गच्चीवर कशाला अडकवावा? आमचा कठडा जुना आहे आणि त्याच्यावर माझा भरवसा नाही. करारात परांची आणि पट्ट्याची अट कोणत्या शब्दांत घालावी, याचा नमुना कुणाकडे आहे का?

आणखी एक. या पाच जणांपैकी एकाचीही बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी नाही. वय १८ ते ६० च्या दरम्यान आणि मागील वर्षभरात किमान ९० दिवसांचे काम एवढे असले की नोंदणी करता येते, पण त्या ९० दिवसांचा दाखला द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतो. तुमच्यापैकी कुणी हा दाखला मिळवून दिला असेल, तर कसा, ते कृपया सांगावे.

पश्चिमेच्या भिंतीचे काम मी सोमवारपर्यंत थांबवले आहे. रविवारी सभा आहे. त्याआधी भाड्याचा अंदाज कळला, तर वाढीव वर्गणीचा आकडा सभासदांसमोर ठेवता येईल.