पार्क ग्वेलचं पाणी

सार्वजनिक कला म्हणजे चौकातला पुतळा नि भोवती बंद पडलेलं कारंजं असं कोणी म्हटलं, तर आपल्याकडचं बघता त्यात फार काही चूक नाही. पण स्पेनमधल्या बार्सिलोनाची पार्क ग्वेल ही बाग जरूर बघा, फोटोत का होईना. गाउदी या वास्तुरचनाकाराने १९०० ते १९१४ मधे हे केलं, तेही मुळात बाग म्हणून नाहीच, श्रीमंतांसाठी साठेक प्लॉटांची स्कीम होती जी सपशेल आपटली (बिल्डरांनो, वाचताय ना?), नि मग १९२६ ला ती सार्वजनिक बाग झाली.

रंगीबेरंगी टाइलच्या तुकड्यांचा तो नागमोडी बाक सगळ्यांना माहीत असतो, पण मला खरं वेड लावलं ते पाण्याने. बाकाच्या आतलं पटांगण फरशीचं नाही, मातीचं आहे, पाऊस पडला की पाणी त्यात मुरतं, खालच्या ८६ खांबांच्या मंडपात पोकळ खांबांमधून उतरतं आणि तळाशी मोठ्या टाकीत साठतं, टाकी भरून वाहायला लागली की जादाचं पाणी पायऱ्यांवरच्या त्या फेमस सरड्याच्या तोंडातून बाहेर! म्हणजे सेल्फी पॉइंट वाटतो तो चक्क ओव्हरफ्लो आहे. शिवाय डोंगर सपाट न करता तिथल्याच दगडाचे तिरके खांब उभारून वरून रस्ते नेलेत, आपल्याकडे आधी जेसीबी येतो.

बाकाचं मोझाइक बरंचसं गाउदीचा सहकारी वास्तुरचनाकार जुजोल याचं, त्याचं नाव मात्र कोणी घेत नाही. जाणार असाल तर तिकीट आधीच ऑनलाइन काढा.