मधुमेह जुना असल्यास थेंब घालूनही बाहुली मोठी होत नाही का? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. आम्ही डिचोलीजवळ राहतो. माझे वडील ७१ वर्षांचे असून त्यांना १९ वर्षांपासून मधुमेह आहे. डोळ्याच्या पडद्यावरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होऊ लागली तरी सुरुवातीला दृष्टीत काहीच फरक जाणवत नाही, म्हणून दरवर्षी तपासणी हवी, हे त्यांना पटवताना माझ्या नाकी नऊ आले. "मला पेपर वाचता येतो ना" या एका उत्तरावर त्यांनी चार वर्षे काढली.

अखेर मागील आठवड्यात त्यांना म्हापशाला नेले. थेंब घालून डोळे मिटून बसवले, वीस मिनिटांनी पुन्हा घातले. आमच्यानंतर आलेल्या एक मावशी तपासणी आटोपून घरीही गेल्या, पण बाबांची बाहुली जेमतेम उघडली होती. तिसऱ्या खेपेनंतर पडद्याचा मधला भाग दिसला, कडेचा दिसलाच नाही. "जुनी साखर असली की असे होते, सहा महिन्यांनी या," एवढेच सांगण्यात आले. (बाहुली उघडली नाही म्हणावे, तर परतीच्या बसमध्ये उन्हाने त्यांचे डोळे दिपतच होते.)

त्यांच्या पायांना मुंग्या येतात आणि अंथरुणातून उठताना भोवळ येते. याचा बाहुलीशी संबंध असेल का? डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्याच्या शस्त्रक्रियेला यामुळे अडचण येईल का? रक्तदाबाची गोळी चालू असताना अधिक तीव्र थेंब मागावेत का?

प्रतिसाद:

मी डॉक्टर नाही, नेत्रतपासणीच्या कामात अनेक वर्षे आहे. बुबुळात बाहुली आवळणारा आणि ती उघडणारा असे दोन स्नायू असतात. जुन्या मधुमेहात शरीराचा कारभार आपोआप चालवणाऱ्या नसा दुबळ्या होतात आणि त्यांत उघडणाऱ्या स्नायूच्या नसांना बहुधा आधी झळ पोहोचते, त्यामुळे अशा रुग्णांची बाहुली अंधारातही लहानच राहते. उठताना येणारी भोवळ याच नसांमुळे असू शकते. पायांच्या मुंग्या वेगळ्या नसांच्या असल्या तरी कारण बहुधा तेच. दोन्ही गोष्टी फिजिशियनना अवश्य सांगाव्यात.

थेंबांतील औषधांपैकी ट्रॉपिकामाइड आवळणाऱ्या स्नायूला सैल करते, तर फेनिलेफ्रिन उघडणाऱ्या स्नायूला थेट चालना देते, म्हणून अशा डोळ्यांत दोन्ही एकत्र वापरतात. मात्र फेनिलेफ्रिनने रक्तदाब वाढू शकतो, त्यामुळे त्याचे १० टक्क्यांचे थेंब अशा रुग्णांना शक्यतो टाळतात. ते स्वतः मागू नका, रक्तदाबाची गोळी चालू असल्याचे आधीच सांगा.

कडेचा पडदा दिसलेलाच नसताना सहा महिने थांबणे मला योग्य वाटत नाही. पडद्याच्या तज्ज्ञांना दाखवावे. लहान बाहुलीतूनही पडद्याचा बराच भाग टिपणारे कॅमेरे आता आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही होते, बुबुळ बाजूला धरायला बारीक हुक किंवा कडे वापरतात, पण शल्यविशारदाला ते आधी माहीत हवे. आणि एक महत्त्वाचे: वडील प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेतात का? त्या गोळीनेही बाहुली नीट उघडत नाही आणि शस्त्रक्रियेत बुबुळ लुळे पडते. गोळी ऐनवेळी बंद करून हा धोका टळतोच असे नाही, म्हणून ती परस्पर थांबवू नका, फक्त सांगा.

मूळ प्रश्नकर्ता:

आपला प्रतिसाद वाचून औषधांचा डबा उघडला. टॅम्सुलोसिन दोन वर्षांपासून चालू आहे. त्या दिवशी औषधांची चिठ्ठी कोणी मागितली नाही, आणि मधुमेहाची तपासणी म्हणून आम्हीही फक्त साखरेचे कागद नेले होते. सोमवारी सगळ्या चिठ्ठ्या घेऊन जात आहोत.